यादी आणि नाद

आपल्याकडे कुठलंही काम सुरू करायचं म्हटलं की त्या कामातला एक जाणकार आपोआप उगवतो. त्याला बोलवावं लागत नाही. पोहायला शिकायचं म्हणा, पाण्याचा चष्मा कुठल्या कंपनीचा घ्यावा हे सांगणारा काठावर उभाच असतो. सकाळी फिरायला जायचं म्हणा, बुटांच्या तळव्यांवर पाऊण तासाचं व्याख्यान ऐकावं लागतं. मग बूट येतात, चालणं राहतं. पुढे बूट न वापरताच जुने होतात, तरी चालणं राहतंच. या जमातीला मी 'यादीवाले' म्हणतो, आणि हा लेख सरळसरळ त्यांच्याविरुद्ध आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी मधूनमधून विनोद करणार, आणि विनोद करणारा माणूस मनातून चिडलेला असू शकतो यावर लोकांचा विश्वास बसत नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी आमचे अण्णा गेले. अण्णा होते तेव्हा घरात फार आवाज असायचा असं नाही. पण एक असायचा. दुपारी ते आरामखुर्चीत पडायचे, उशाशी ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मधोमध खरखरत असायचा, आणि त्या खरखरीवर ते स्वतः काहीतरी गुणगुणायचे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे घरातलं एकच खातं होतं, कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं. तेवढ्यातही ते चुकायचे. ते गेल्यावर आईची दुपारची झोप उडाली. एकदा म्हणाली, "दुपारी घर ऐकू येतं रे मला." मी बँकेतला कारकून. ग्राहकाची तक्रार तोंडी असेल तर ती लेखी द्या म्हणण्याची सवय. पण या तक्रारीला काय म्हणणार?

टीव्ही लावून पाहिला. मालिकांत दुपारी सतत कुणीतरी रडत असतं. भजनं लावली, तर आई सोबत म्हणायला लागली आणि उरलीसुरली झोपही गेली. तिला असा आवाज हवा होता जो खोलीत आहे, पण काही मागत नाही. ना लक्ष, ना टाळी, ना डोळ्यांतलं पाणी. माझी मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "बाबा, याला अँबियंट म्हणतात." आणि तिने मोबाइलवर लावलंही. लांबच लांब सूर, ना ताल ना चाल, आणि पाठीमागे समुद्राच्या लाटा. दहा मिनिटांत आई उठून जिन्यात. "पाणी चढतंय का रे?" आम्ही सांगलीकर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर येऊन बसली होती. सांगलीच्या बाईला पाण्याचा आवाज ऐकवून झोपवणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

तेव्हा ठरवलं, की हे आपणच करायचं. कपाटावर मुलीचा लहानपणचा कीबोर्ड होता. दोन वाढदिवस वाजून तिसऱ्याला वर गेलेला. मला पेटीवर सात सूर सलग वाजवता येतात, आठवा थोडा विचार करून.

आणि जाणकार उगवला. आमच्याच शाखेत कर्जाच्या टेबलावर बसतो. तरुणपणी ऑर्केस्ट्रात होता, त्यामुळे कर्जाचा हप्ता थकला तरी तालात बोलतो. मी नुसतं म्हटलं, "घरी कीबोर्डचं थोडं रेकॉर्डिंग करावं म्हणतोय." त्याने पैसे भरायची स्लिप उलटी केली आणि मागे यादी लिहिली. नवा लॅपटॉप ८५,०००. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड ४८,०००. मॉनिटर स्पीकरांची जोडी ३२,०००. ऑडिओ इंटरफेस १६,५००. कंडेन्सर माइक ११,०००. खोलीच्या भिंतींना लावायचा स्पंज ६,०००. एकूण १ लाख ९८ हजार ५००. बेरीज मात्र मी तपासली. बरोबर होती. यादीवाल्यांची बेरीज कधीच चुकत नाही, चुकते ती वजाबाकी.

मी म्हटलं, "आईला दुपारी झोप लागावी एवढंच आहे हो."

"मग तर क्वालिटी हवीच," तो म्हणाला. "आणि रूम ट्रीटमेंट नसेल तर सुरूच करू नका. बाहेरचे आवाज येतात."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. भांडवली खर्च पूर्ण, उत्पादन शून्य, आणि घसारा मात्र पहिल्या दिवसापासून: अशा धंद्याला कर्ज मागायला कुणी आला असता तर ह्याच गृहस्थाने अर्ज परत केला असता.

त्यातला तो मिडी कीबोर्ड तर मला नीट समजावून घ्यावा लागला. तसल्या नुसत्या मिडी कीबोर्डात आवाजच नसतो! अठ्ठेचाळीस हजार मोजायचे, घरी आणायचा, पट्टी दाबायची, आणि टक् एवढंच ऐकायचं. १९८३ सालापासून चालत आलेली ही पद्धत आहे. कुठली पट्टी, किती जोराने, किती वेळ दाबली, एवढाच निरोप तो कंप्युटरला पाठवतो. आवाज काढायचं काम तिथल्या प्रोग्रामचं. म्हणजे मिडी हा चेक आहे, रोकड नव्हे. चेक उत्तम छापलेला असला म्हणून खात्यात पैसे असतात असं नाही, हे मला कोण शिकवणार? शिवाय चेक वटायला वेळ लागतो. कंप्युटर एका वेळी १०२४ नमुन्यांचा गठ्ठा करून काम करत असेल, तर सेकंदाला ४४,१०० या हिशोबाने नुसत्या त्या गठ्ठ्यापायी सुमारे २३ मिलिसेकंद जातात. तबलजीला तेवढ्यात घाम फुटेल. पण ज्या संगीतात सूर उगवायलाच दोन सेकंद लागतात, तिथे २३ मिलिसेकंदांचं सुतक कशाला पाळायचं?

इथेच माझं यादीवाल्यांशी खरं भांडण आहे. जगातल्या संगीतप्रकारांत हा एवढा एकच प्रकार गरिबाचे सगळे अपराध पोटात घालतो. बोटं मंद असली तरी चालतं, कारण संगीतच मंद. कीबोर्ड स्वस्त असला तरी चालतं, कारण सूर ताणून धुकं केलं की ते धुकं कितीचं हे कुणाला कळतंय? थोडी खरखर आली तर ती वातावरणात जमा. आणि नेमक्या या दारावर हे लोक दोन लाखांचं तिकीट लावून बसलेत!

या प्रकाराचा इतिहास पाहिला तरी तेच. पॅरिसमध्ये एरिक साती नावाचा एक विक्षिप्त संगीतकार होऊन गेला. १९१७ साली त्याने 'फर्निचर संगीत' काढलं. म्हणजे खुर्चीटेबलासारखं खोलीत नुसतं असणारं. १९२० मध्ये एका नाटकाच्या मध्यंतरात त्याने ते वाजवलं, तर प्रेक्षक शहाण्यासारखे गप्प बसून ऐकायला लागले. साती बिचारा हॉलभर फिरून सांगत सुटला, बोला, हिंडा, ऐकू नका! आपल्याकडे त्याला ही धावपळ पडली नसती. आपल्याकडे गाणं सुरू झाल्याशिवाय शेजाऱ्याची चौकशी सुचतच नाही.

दुसरा ब्रायन ईनो. १९७५ साली त्याला अपघात झाला आणि तो अंथरुणाला खिळला. त्यानेच सांगितलेली हकीकत अशी: भेटीला आलेल्या मैत्रिणीने हार्पची रेकॉर्ड लावून दिली आणि ती गेली. आवाज फार बारीक, त्यात स्टिरिओची एक बाजू बंद, बाहेर पाऊस, आणि उठून आवाज वाढवण्याची ताकद नाही. पडल्या पडल्या त्याला उमगलं, की पाऊस आणि हार्प एकमेकांत मिसळून खोलीचाच भाग झालेत. त्याच साली त्याचा 'डिस्क्रीट म्युझिक' आला आणि १९७८ मध्ये विमानतळासाठीचं ते प्रसिद्ध संगीत. म्हणजे या सगळ्या शास्त्राच्या मुळाशी एक बिघडलेला स्पीकर आहे! आमचा कर्जवाला तिथे हजर असता तर त्याने आधी स्पीकर बदलायला लावला असता आणि जग एका कलेला मुकलं असतं.

जाणकारांनी वाद्याला नालायक ठरवायचं हे काही आजचं नाही. पेटीचंच पाहा. १८४० च्या दशकात पॅरिसात हार्मोनियम जन्मली, कलकत्त्यात हाताने भाता मारायची झाली, आणि महाराष्ट्रात नाटकवाल्यांनी तिला घरची करून घेतली. गोविंदराव टेंब्यांसारखे लोक तिच्यावर जीव ओवाळून टाकत होते. पण तिच्यात मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली. ती उठायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! त्या एकतीस वर्षांत घराघरांतल्या पोरापोरींनी सा कुठे असतो हे शोधलं ते याच नालायक वाद्यावर. त्यांनी श्रुतींची वाट पाहिली असती तर आज मैफलीला श्रोतेही मिळाले नसते.

आमच्या अण्णांनी मात्र वाट पाहिली.

अण्णांना पेटीचा नाद होता. वाजवण्याचा नव्हे, घेण्याचा. सायकल मारत मिरजेला जायचे, दुकानात उभे राहायचे, वाजवून बघायचे आणि परत यायचे. कारण त्यांच्या ऑफिसातल्या एका यादीवाल्याने सांगितलं होतं, की घ्यायची तर डबल रीड, कपलरवाली, स्केल चेंजर, आणि सूर पालिताण्याचेच. हलकी पेटी घेतलीत तर कान बिघडतो. कान बिघडू नये म्हणून अण्णांनी पेटीच घेतली नाही. रिकरिंग काढलं. ते पुरं झालं त्या वर्षी ताईचं लग्न ठरलं. दुसरं काढलं, ते माझ्या कॉलेजला लागलं. तिसऱ्याच्या वेळी म्हणाले, "आता रिटायर झाल्यावर निवांत घेऊ." रिटायर झाल्यावर म्हणाले, "आता बोटं वळत नाहीत." पासबुकातल्या तिन्ही नोंदी मी पाहिल्यात. व्याज बरोबर लागलंय. शेजारच्या आळीत कुणीतरी जुनी सिंगल रीडची पेटी मोडीच्या भावात देत होता. ती त्यांनी नाकारली, हे आईने मला परवा सांगितलं. त्या यादीवाल्याचं नाव मला माहीत नाही. असतं तरी इथे दिलं नसतं, पण शिव्या दिल्या असत्या.

म्हणून मी ती पैसे भरायची स्लिप खिशात घातली आणि बाजारात जाऊन एक वायर घेतली. १८० रुपये. कीबोर्डचं हेडफोनचं छिद्र मोठं निघालं म्हणून एक जाड पिन, ६० रुपये. एकूण २४०. मुलीचा जुना लॅपटॉप इतका जुना, की त्याला माइकचं वेगळं छिद्र होतं. नव्यांना बहुधा ते नसतं, मग यूएसबीत खोचायचं छोटं साउंड कार्ड घ्यावं लागतं. तेही असं काही घर विकायला लावत नाही. मुलीने ऑडॅसिटी नावाचा प्रोग्राम घालून दिला. २००० सालापासून तो फुकट मिळतो. फुकट म्हटल्यावर मी दोनदा विचारलं. बँकेत फुकट या शब्दाखाली बारीक अक्षरांत बरंच काही असतं.

पहिल्या दिवशी नुसता घूं असा आवाज. भारतातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि त्याच्या जवळचा सूर म्हणजे खूप खालची पांढरी पाच. म्हणजे आपल्या घराघरात वीज पांढरी पाचमध्ये गात असते, किंचित चढी. लॅपटॉपचा चार्जर उपटला आणि बॅटरीवर चालवलं, घूं थांबला. दुसऱ्या दिवशी सगळं फाटल्यासारखं, कारण हेडफोनचा आवाज माइकच्या छिद्राला झेपत नाही. कीबोर्डचा आवाज पावावर आणला आणि पडद्यावरच्या पट्टीला लाल रंगाच्या बरीच अलीकडे थांबवलं. याला मी मिनिमम बॅलन्स म्हणतो. तो खात्यात ठेवायला जमलं नाही, इथे जमलं.

मग व्हायोलिनांच्या ताफ्याचा आवाज लावला, सा आणि प दाबले आणि दहा सेकंद नुसता बसलो. बस्स, एवढंच वादन. ऑडॅसिटीत पॉलस्ट्रेच नावाची एक सोय आहे. ती सूर न उतरवता आवाज ताणते. दहा सेकंदांचा गोळा दहापट थापला की शंभर सेकंदांची भाकरी. २०१० साली कुणीतरी एक चालू इंग्रजी गाणं असंच आठपट ताणलं होतं, तर ते देवळातल्यासारखं गंभीर झालं. माझा सा-प तर ताणल्यावर इतका भारदस्त वाटायला लागला, की मी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. दुसरा तुकडा निम्म्या वेगाने वाजवला, तो एक सप्तक खाली गेला. तिसरा उलटा केला. उलटा केलेला सूर कुठूनतरी येतो आणि आल्याबरोबर जातो, आमच्या शाखेतल्या साहेबांसारखा.

पण तेच तेच पुन्हा आलं की कान मोजायला लागतो, आणि मोजायला लागला की झोप गेली. यावर ईनोने १९७८ मध्येच तोड काढली होती: वेगवेगळ्या लांबीच्या टेपा गोल फिरत ठेवायच्या, म्हणजे त्यांची गाठ सहसा पडत नाही. मी एक तुकडा १७ सेकंदांचा कापला, दुसरा २३, तिसरा २९. आणि मग शाळा सुटल्यावर पहिल्यांदा मी लसावि काढला! ११,३३९ सेकंद. म्हणजे तीन तास आठ मिनिटं एकोणसाठ सेकंद हे तिघे पुन्हा एकदम सुरू होत नाहीत. गणिताच्या मास्तरांनी लसावि कुठे उपयोगी पडतो हे कधीच सांगितलं नव्हतं. मास्तर, तो आईच्या झोपेला उपयोगी पडतो.

राहिला घुमारा. यादीत त्यासाठीही पुढेमागे काहीतरी लागणारच होतं. आमच्याकडे बाथरूम आहे. चारी भिंतींना टाइल्स, छत उंच. रविवारी सकाळी तिथे मुलीचा छोटा स्पीकर बादलीवर ठेवला, कोपऱ्यात मोबाइल रेकॉर्डिंगला लावला, आणि पाऊण तास कुणीही तिकडे फिरकायचं नाही असा हुकूम सोडला. या पाऊण तासात माझ्याविषयी घरात काय बोललं गेलं ते रेकॉर्डिंगमध्ये अस्पष्ट आहे. "अहो, किती वेळ?" एवढं मात्र एके ठिकाणी ओळखू येतं. तो तुकडा कापला.

यादीवाल्यांची बाजूही मांडतो, नाहीतर ऑडिटर म्हणेल एकाच बाजूच्या नोंदी आहेत. गवयाचा गळा रेकॉर्ड करायचा असेल तर चांगला माइक लागतो, हे खरं. इंटरफेस वाईट वस्तू नाही. चेक लवकर वटतो. पुढेमागे मीही घेईन. माझं म्हणणं एवढंच, की 'मग' हा शब्द वादनाच्या नंतर यावा, आधी नको. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेतला केवढा मोठा गायक. १९८२ साली त्याने घरी बसून साध्या कॅसेटवर, चार ट्रॅकच्या यंत्रावर काही गाणी कच्ची म्हणून भरली. नंतर अख्खा बँड घेऊन स्टुडिओत तीच गाणी पक्की करायला गेले, तर कच्चीतला जीव काही पक्कीत येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' म्हणून बाजारात आली. त्याचं यंत्र आजच्या हिशोबाने माझ्या मोबाइलपुढे काहीच नव्हतं, हे मी कर्जाच्या टेबलावर जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण त्याचा माइक कुठला होता ते सांगा."

बाथरूमच्या रेकॉर्डिंगमध्ये एक दोष राहिला. खिडकी उघडी होती. त्यामुळे साधारण विसाव्या मिनिटाला शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी आत शिरलीय. एक, मग थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. धुक्यातून आगगाडी यावी तशी लांबून येते. स्पंज लावला असता तर आली नसती, हे यादीवाल्याचं बोलणं अक्षरशः खरं. मी ती कापणार होतो, पण सोमवारी बँक होती, राहून गेलं.

पुढच्या रविवारी दुपारी ते तसंच आईच्या खोलीत बारीक आवाजात लावलं आणि दाराशी पेपर घेऊन बसलो. दहा मिनिटांनी तिचा हात पांघरुणावरून घसरला. पंधराव्या मिनिटाला बारीक घोरणं. मी पेपरचं पान उलटायचंही थांबवलं. मग विसावं मिनिट आलं. पहिली शिट्टी झाली, दुसरी झाली, माझ्या पोटात गोळा. तिसरी झाली तशी ती कुशीवर वळली आणि डोळे न उघडता म्हणाली,

"अहो, तीन झाल्या. गॅस बंद करा."

मी उठलो, स्वयंपाकघरात गेलो, आणि बंदच असलेल्या शेगडीचं बटण एकदा फिरवून पुन्हा बंद केलं. तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.